हिशेब तोंडी अचूक, वही मात्र कोरी : पाचवीतल्या एका मुलाबद्दल मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : वर्गशिक्षिका, नागपूर

नमस्कार.

मी नागपुरातील एका शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका असून माझ्या तुकडीत ४२ मुले आहेत. त्यांतील एका मुलाबद्दल मला विचारायचे आहे. मात्र त्याच्या निमित्ताने जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आहे, तो एकट्या त्याचा नसावा असे वाटल्यामुळे येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

या मुलाची आई आठवडी बाजारात भाजीचे दुकान लावते. पहाटे कॉटन मार्केटमधून माल आणायचा आणि दिवसभर बसून तो विकायचा, असा तिचा क्रम आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी मी बाजारात गेले, तेव्हा आई पाणी आणायला गेलेली होती आणि दुकानावर तो एकटाच होता. मी तीन पाव ढेमसं आणि अडीच किलो आलू घेतले. ढेमसं ८० रुपये किलो होती आणि आलू ३० रुपये. काट्यावरून थैलीत माल ओततानाच तो म्हणाला, "साठ अन् पंच्याहत्तर, एकशे पस्तीस झाले मॅडम." मी २०० रुपयांची नोट दिली. त्याने पासष्ट रुपये मोजून हातावर ठेवले, वरून मूठभर सांभार (कोथिंबीर) थैलीत टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. या सगळ्याला मिनिटभरही लागले नसेल.

दुसऱ्या दिवशी मी तोच व्यवहार फळ्यावर शाब्दिक उदाहरण म्हणून लिहिला. बटाट्यांचा दर प्रति किलो ३० रुपये असल्यास २.५ किलो बटाट्यांची किंमत किती, असे पहिले उदाहरण होते. तासिका संपल्यावर त्याची वही पाहिली, तर तीत तारीख होती, 'उदाहरण १' असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते आणि खालचे पान कोरे होते. मी त्याला उभे करून विचारले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "मले नाही येत."

अंकांचे श्रुतलेखन घेते तेव्हाही असेच होते. छप्पन्न म्हटले की तो ६५ लिहितो, अठ्ठेचाळीसला ८४ आणि एकोणतीसला ३९. वाचन अडखळत असले तरी तो वाचतो. वर्षभर मी त्याला जास्तीचा गृहपाठ दिला, पहिल्या बाकावर बसवले, पाढे घोटून घेतले. आईला बोलावले तेव्हा ती हात जोडून म्हणाली, "मॅडम, मारा पाह्यजे तं, पण याले शिकवा." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण मारून शिकवता येण्यासारखे त्यात काहीच नव्हते आणि न मारता काय करायचे, तेही मला सुचत नव्हते.

माझा प्रश्न असा आहे की मूल नेमके कुठे अडले आहे हे शिक्षकाने शोधावे कसे, आणि ते सापडल्यावर ४२ मुलांचा वर्ग सांभाळून त्या एका ठिकाणी हात द्यावा कसा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त शिक्षक, रामटेक तालुका

मॅडम, आपण बाजारातला प्रसंग नीट पाहिला आणि तो जसाच्या तसा मांडला, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. त्या अनुभवावरून सांगतो की या मुलाला 'गणित येत नाही' हे विधान आपण आधी बाजूला ठेवावे. तीन पावांचे साठ आणि अडीच किलोचे पंच्याहत्तर काढून, त्यांची बेरीज करून, ती दोनशेतून वजा करणाऱ्या मुलाला गणित येते. त्याच्या डोक्यातले गणित आणि वहीतले गणित यांच्यामध्ये जो सांधा असायला हवा, तो कोणी जोडून दिलेला नाही.

असा तो एकटाच नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबद्दल हीच गोष्ट १९८५ मध्ये संशोधकांनी नोंदवली होती. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला असून नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्याच्या लेखकांपैकी आहेत. बाजारातले अवघड हिशेब तोंडी करणारी मुले तीच आकडेमोड पुस्तकी स्वरूपात आली की अडतात, हे त्यात दिसले. त्याचबरोबर पुस्तकी गणिते सोडवणारी शाळकरी मुले बाजारातल्या साध्या व्यवहारात अडतात, हेही दिसले. ही दुसरी बाजू आपण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी, असे मला वाटते.

आता त्याच्या चुकांकडे पाहू. छप्पन्नचे ६५, अठ्ठेचाळीसचे ८४, एकोणतीसचे ३९. या चुका वाऱ्यावर आलेल्या नाहीत, त्यांना पक्का नियम आहे. आपल्या भाषेत छप्पन्न म्हणताना सहा आधी उच्चारले जातात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी येतो. मूल जे ऐकते तेच त्या क्रमाने लिहिते. म्हणजे ते कान देऊन ऐकत आहे! एकोणतीसमध्ये तर त्याला तीस स्पष्ट ऐकू येतात, मग तीन लिहिल्यावाचून ते राहील कसे? तेलुगू किंवा कन्नडमध्ये आधी पन्नास आणि मग सहा असाच उच्चार असल्यामुळे तिथल्या मुलांना ही अडचण येत नाही. आपल्याकडे मात्र अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत, पूर्ण दशक सोडले तर, जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव वेगळे पाठ करावे लागते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता, हे आपल्याला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही अडचण समजावून सांगितली होती. पुस्तकात रूढ संख्यानामेही शेजारी दिलेलीच होती. वाद ज्या पातळीवर गेला ती पाहून मला फार वाईट वाटले, कारण ज्या मुलांसाठी तो बदल केला होता त्यांच्याबद्दल त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

मी काय करीत असे, ते सांगतो. दहाच्या खोट्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्यायची. आपण छप्पन्न म्हणायचे, मुलाने तेवढे पैसे समोर मांडायचे. आपला हा मुलगा ते डोळे मिटून मांडेल. मग विचारायचे, नोटा किती? पाच. सुटे किती? सहा. पाटीवर दोन घरे आखून द्यायची, डावीकडच्या घरात नोटा आणि उजवीकडच्या घरात सुटे. तोंडाने "छप्पन्न, म्हणजे पन्नास आणि सहा" असे दोन्ही म्हणून घ्यायचे. पंधरा दिवस, रोज दहा मिनिटे, एवढेच. 'एकोण' असलेल्या संख्या मात्र यात मिसळू नयेत. त्या शेवटी, वेगळ्या घ्याव्यात. तीस रुपये मांडून त्यांतून एक काढून घ्यायचा आणि मग उरलेले मोजायचे. एकोणतीस या शब्दातच वजाबाकी आहे, हे मुलाच्या हाताला कळले की ते विसरत नाही. नव्व्याण्णव या नियमात बसत नाही, त्यामुळे ते सर्वांत शेवटी घ्यावे.

दुसरे सांगणे आपल्या उदाहरणाबद्दल आहे, राग मानू नये. आपण बाजारात आलू घेतले आणि फळ्यावर बटाटे लिहिले. बाजारात अडीच किलो घेतले आणि फळ्यावर २.५ किलो लिहिले. 'दर', 'प्रति', 'किंमत' हे तिन्ही शब्द त्याच्या दुकानावर कोणी उच्चारत नाही, तिथे "कशी देली" एवढाच प्रश्न असतो. पुस्तकी मराठी त्याला यायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण एकाच वेळी नवा शब्द, नवी खूण आणि नवी मांडणी अशा तीन पायऱ्या समोर आल्या की मूल पहिल्या पायरीवरच बसकण मारते. पहिल्या आठवड्यात उदाहरण त्याच्याच शब्दांत लिहावे, आलू, सांभार, फल्लीदाणे, जे असेल ते. संख्यांची मांडणी तेवढी नवी ठेवावी. मांडणी जमली की शब्द बदलावेत.

पूर्वी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे, म्हणून घेत असत. ती पद्धत परत आणावी असे माझे म्हणणे नाही. परंतु पाव, पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द या मुलाकडे आयते आहेत आणि अपूर्णांक शिकवताना आपण त्यांना हातही लावत नाही, हे नुकसान आहे. त्याला विचारा, अडीच किलोचे पंच्याहत्तर कसे काढलेस? बहुधा तो सांगेल, दोन किलोचे साठ, अर्ध्याचे पंधरा. तो जे बोलेल तेच ओळीने फळ्यावर लिहा, ६० + १५ = ७५, आणि वर्गाला सांगा की ही रीत याची आहे.

शेवटचे म्हणजे, त्याला उभे करून विचारू नका. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात शेजारी बसा, उदाहरण पुढे ठेवा आणि म्हणा, मनात जे येईल ते मोठ्याने बोल. तो चुकला तरी मध्ये बोलू नका. चूक दिसली की शिक्षकाची जीभ आपोआप हलते, ती आवरणे हे या कामातले सर्वांत कठीण आहे.

उत्तर २ : विशेष शिक्षिका, नागपूर

गुरुजींनी सांगितलेल्या मार्गानेच जावे, असे माझेही मत आहे. त्याच्या अगोदर दोन गोष्टी तपासाव्यात, एवढे सुचवते.

पहिली गोष्ट म्हणजे डोळे आणि कान. फळ्यावरचे दिसत नाही, अशी तक्रार मूल सहसा करत नाही, कारण इतरांना किती दिसते हे त्याला ठाऊक नसते. डोळे बारीक करणे, वही नाकाजवळ धरणे, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणे, हाक मारल्यावर एका बाजूला मान वळवणे, कान वाहणे, या खुणा शिक्षकालाच दिसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. पथक येते त्या दिवशी आपण स्वतः शेजारी उभे राहून 'या मुलाची नजर पुन्हा पाहा' असे सांगितले, तर त्या गर्दीतही फरक पडतो.

दुसरी गोष्ट अध्ययन अक्षमतेची. अलीकडे दोन टोके दिसतात. काही ठिकाणी प्रत्येक अडखळणारे मूल आळशी ठरते, तर काही ठिकाणी दोन अंक उलटे लिहिले की लगेच त्याच्या कपाळावर डिस्लेक्सियाचा (वाचन-लेखनातील अक्षमतेचा) शिक्का बसतो. आपल्या वर्णनावरून या मुलाच्या अंकांच्या चुका भाषेच्या रचनेतून आल्यासारख्या वाटतात, त्यामुळे मी घाई करणार नाही. परंतु महिना-दीड महिना नेमाने काम करूनही फरक पडला नाही, आणि वाचनात भ-म, घ-ध, ब-व यांची सतत गल्लत, वेलांटी व मात्रा गाळणे, जोडाक्षर आले की अंदाजाने शब्द ठोकून देणे, फळ्यावरून उतरवताना ओळ हरवणे अशा गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या, तर तपासणी करून घ्यावी. नुसते वाचन ऐकून फसगतही होते. मी एका मुलीला पाहिले आहे, जी धडा घडाघडा वाचत असे. मी तिचे बोट शब्दावर ठेवायला सांगितले, तेव्हा तोंडातला शब्द आणि बोटाखालचा शब्द यांत दोन ओळींचे अंतर होते. संपूर्ण धडा तिला पाठ होता. तिसरीपर्यंत कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते, आणि त्या लहानग्या मुलीने ते लपवण्यासाठी किती श्रम केले असतील या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. अशा मुलांची लक्षणे शाळेने लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत, असे तो कायदा सांगतो. अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षांत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पालक अनेकदा प्रमाणपत्राला घाबरतात, कारण मुलाच्या नावापुढे कायमचा डाग लागेल असे त्यांना वाटते. त्यांच्याशी बोलताना 'दोष' हा शब्द टाळावा आणि मूल काय काय करू शकते, येथून सुरुवात करावी. आपल्याकडे तर बाजारातला प्रसंगच आहे, आईला तो सांगाच.

मात्र प्रमाणपत्राची वाट न पाहता वर्गात करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर स्वीकारणे, दहा उदाहरणांऐवजी चार देणे, मोठ्याने वाचायला सांगण्यापूर्वी तो उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवणे, अंकांसाठी चौकटींची वही देणे. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

उत्तर ३ : माध्यमिक शिक्षक, नागपूर

वरील सर्व सूचना योग्य आहेत, पण माझ्या मनात आहे ते मोकळेपणाने लिहितो. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. मॅडमच्या वर्गात ४२ आहेत, माझ्या वर्गात त्याहून अधिक आहेत. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येत नाहीत. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्यात आणि छायाचित्रे पाठवण्यातच कित्येक तासिका जातात. अशा स्थितीत व्हरांड्यात बसून एका मुलाला मोठ्याने बोलायला लावण्यासाठी वेळ आणायचा कुठून? माझ्याकडे आठवीत येणारी मुले पाचवीतले हातचे विसरलेली असतात आणि मला अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. शिक्षकाच्या चांगुलपणावर सगळा भार टाकून यंत्रणेची जबाबदारी विसरली जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

उत्तर ४ : निवृत्त शिक्षक, रामटेक तालुका

सर, आपले म्हणणे रास्त आहे आणि त्यासाठी संघटनेने भांडलेच पाहिजे. मी स्वतः भांडलो आहे. पण पाचवीतले मूल आपल्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत पाचवीत थांबत नाही, म्हणून हाताशी असलेल्या वेळेचे काय करता येईल तेवढे सांगतो.

प्रत्येक मुलाबरोबर रोज बसावे लागत नाही. एकदा, दहा मिनिटे बसावे लागते. रोज एक मूल घेतले तरी दोन महिन्यांत वर्ग होतो. त्यानंतर दिसते की ४२ मुलांच्या ४२ अडचणी नसतात, चार-पाचच असतात. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेची पद्धत आपल्याला ठाऊक असेल. दिवसातला ठरावीक वेळ मुलांना इयत्तेनुसार न बसवता, त्यांना आज जे येते त्यानुसार गटांत बसवायचे. अक्षरे ओळखणारी वेगळी, शब्द वाचणारी वेगळी, परिच्छेद वाचणारी वेगळी. मूल पुढे सरकले की गट बदलायचा. ज्या गटाला येते त्याला स्वतंत्र काम द्यायचे आणि आपण खालच्या गटात जाऊन बसायचे. आपल्याकडे नेमके उलटे होते. उत्तर देणाऱ्या पहिल्या दोन बाकांकडे पाहूनच आपण शिकवतो, हे मलाही नोकरीची पंधरा वर्षे झाल्यानंतर कळले.

उत्तर ५ : एक आई, उत्तर नागपूर

मी शिक्षिका नाही, परंतु हा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्या विदर्भात हा आजार किती घरांत आहे, हे येथील सर्वांना ठाऊक आहे. २०१६ च्या ज्या कायद्याचा उल्लेख वर आला आहे, त्याच्या यादीत सिकलसेलही आहे, ही गोष्ट मात्र मला स्वतःला फार उशिरा कळली.

शरीरात पाणी कमी पडले, थंडी लागली, दमणूक झाली किंवा ताप आला, की तिचे हातपाय आणि पाठ असह्य दुखू लागतात. डिसेंबरच्या सकाळच्या शाळेत आणि मार्चनंतरच्या उन्हात तिचे दिवस बुडतातच. पाणी सतत प्यावे लागते आणि त्यामुळे लघवीलाही वारंवार जावे लागते. तिच्या आधीच्या शाळेत तासिका सुरू असताना पाणी पिण्यास आणि बाहेर जाण्यास मनाई होती. एका शिक्षकांनी हजेरीपट पुढे धरून "आजारी तर सगळेच पडतात" असे वर्गासमोर म्हटले. त्यानंतर ती पाणीच पिईनाशी झाली, आणि मग काय व्हायचे ते झाले.

पुढच्या वर्षीच्या बाईंनी फार मोठे असे काही केले नाही. त्यांनी तिला दाराजवळचा बाक दिला, पाण्याची बाटली बाकावर ठेवू दिली आणि बाहेर जाताना विचारायची गरज नाही असे सांगितले. पी.टी.च्या तासाला तिच्याकडे धावांची नोंद ठेवण्याचे काम दिले. ती गैरहजर असेल त्या दिवशी शेजारच्या मुलीच्या वहीत बाई पेन्सिलीने एक लहान फुली करीत. ती परतली की फुलीपासून पुढे काय झाले, ते मधल्या सुट्टीत दोघी मुली मिळून भरून काढीत. वर्षाअखेरीस माझी मुलगी भागाकार शिकली, आणि शिकवणारी ती शेजारची मुलगी आधी भागाकारात कच्ची होती, तीही शिकली.

मॅडम, आपल्या वर्गात वारंवार गैरहजर राहणारे मूल असेल, तर कारण विचारताना कृपया त्याला एकटे घेऊन विचारा.

पुन्हा वर्गशिक्षिका, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

गुरुजी, आपण सांगितल्याप्रमाणे मी मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी व्हरांड्यात बसले, तेच उदाहरण पुढे ठेवले आणि मोठ्याने बोल म्हटले. बराच वेळ तो गप्प होता. मीही गप्प राहिले, आणि आपण म्हणालात तसे ते खरोखर कठीण गेले. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, पंचवीस किलो आलू कोण घेते?" मला क्षणभर काही कळेना. मग लक्षात आले की २.५ मधील टिंब त्याच्या लेखी नव्हतेच. दोन आणि पाच शेजारी दिसले म्हणून त्याने ते पंचवीस वाचले होते. त्याच्या दुकानावर पंचवीस किलो आलू एका वेळी कोणी नेत नाही, म्हणून उदाहरणच चुकीचे आहे असे समजून तो थांबला होता. माझे उदाहरण चुकले आहे, हे मला सांगण्याची त्याची हिंमत झाली नव्हती. वर्षभर मी त्या कोऱ्या पानाला आळस समजत होते.

मी त्याला विचारले, अडीच कसे लिहिशील? त्याने थोडा विचार करून २ लिहिला आणि त्याच्या शेजारी अर्धे वर्तुळ काढले. तेथून पुढे अर्ध्यापर्यंत आणि अर्ध्यापासून टिंबापर्यंत यायला आम्हाला तीन दिवस लागले. नोटा-नाण्यांची पाटी रोज चालू आहे. छप्पन्न, अठ्ठेचाळीस आता बरोबर येतात. 'एकोण'च्या संख्या अजून चुकतात, पण लिहून झाल्यावर तो स्वतःच थांबून पाहतो.

डोळ्यांच्या तपासणीबद्दलची सूचना वाचून मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि प्रत्येक मुलाला शेवटच्या बाकावरून त्या वाचायला लावल्या. या मुलाची नजर उत्तम निघाली. तिसऱ्या रांगेतील एका मुलीला मात्र पहिल्या ओळीपलीकडे काहीच दिसत नव्हते. तिची वही नेहमी पूर्ण असे, म्हणून तिच्याबद्दल मला कधी काळजीच वाटली नव्हती. ती सगळे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. तिला आता चष्मा लागला आहे.

माध्यमिक शिक्षक सरांनी वेळेचा जो प्रश्न उपस्थित केला, तो माझ्यापुढेही आहे. मी शेवटच्या तासिकेतील ३० मिनिटे गटांना दिली. त्यामुळे परिसर अभ्यासाचे दोन पाठ मागे पडले आहेत, आणि ते कसे भरून निघतील हे अद्याप ठरवता आलेले नाही. मुख्याध्यापकांना तसे स्पष्ट सांगून ठेवले आहे. उत्तर नागपूरच्या ताईंचे वाचून मी हजेरीपट पुन्हा चाळला आणि दोन मुलांच्या घरी जाऊन आले. त्याबद्दल येथे लिहिणे योग्य होणार नाही.

मागच्या रविवारी मी पुन्हा बाजारात गेले होते. त्याच्या आईने कमरेच्या पिशवीतून एक लग्नपत्रिका काढून दाखवली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने कॉटन मार्केटमधून आणलेल्या मालाचा हिशेब लिहिला होता, भाजीचे नाव, किलो, भाव आणि रुपये असे चार रकाने पाडून. एका ओळीत ६९ लिहून खोडले होते आणि वर ५९ केले होते. वांग्यांपुढे १.५ लिहिलेले होते, टिंब चांगले ठळक दिलेले. आईला वाचता येत नाही, पण कोणत्या ओळीत काय आहे ते तिला त्याने सांगून ठेवले होते आणि ती बोट ठेवून मला ते एकेक सांगत होती.

पुढच्या महिन्यात मोठ्या संख्यांचा भागाकार सुरू होईल. भाजीच्या दुकानावर भागाकार कोणत्या रूपात येतो, हे मला अजून नीट सापडलेले नाही. तीस रुपयांच्या जुड्या वाटून घेण्यापलीकडे काही सुचत असल्यास कृपया कळवावे.